हात शेकायचा हंडा

ओतोझावा
८ जानेवारी १९७९

किनुए,

थंडीची चौकशी करून पत्राला सुरुवात करायची आपली रीत. ती मी या वेळी मोडते. थंडीवरून आपलं दोघींचं आधीच पुरेसं झालं आहे.

दोन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तूही लिहिली नाहीस, तेव्हा फिटंफाट. आता लिहिते आहे ते कामगार कचेरीचा लिफाफा आला म्हणून. तुझ्या बोटांच्या दुखण्याचा अर्ज कचेरीनं नाकारला होता, त्यावर तू वरच्या कचेरीकडे दाद मागितली आहेस, आणि चौदा फेब्रुवारीला मी शहरात हजर राहून माझा जुना जबाब कायम आहे का ते सांगायचं, असं त्यात लिहिलंय. सही, शिक्का, सगळं. पोस्टमननं तो लिफाफा देताना माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच कुठं दरोडा घालून आलेय.

मला एवढंच सांगायचं आहे की कचेरीचे साहेब खोली तपासायला आले त्या दिवशी मी खोटं बोलले नाही. पारा बारावर होता. साहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचला, स्वतःच्या हातानं लिहून घेतला. नियम काय म्हणतो, तर बसून काम करायच्या खोलीत पारा दहाच्या खाली गेला की मालकानं खोली गरम केलीच पाहिजे. बारा म्हणजे दहाच्या वर. एवढं गणित मलाही येतं.

आणि हिरासेंच्या कागदघरात शेगडी का नाही, हे तुला मी नव्यानं सांगायला हवं का? तूही तिथं सोळा वर्षं काढलीस. लगद्यात जो मुळांचा चिकट रस घालतो तो उबेत पाणी होतो, मग चौकटीवर कागद धरतच नाही, गाठी पडतात. म्हणून तर ऐन हिवाळ्यातला कागद सगळ्यात चांगला. एक्केचाळीस वर्षं मी बर्फाच्या पाण्यात हात घालून टाकीवर उभी राहिले आणि कुणाच्या कचेरीत गेले नाही.

तू गेलीस तेव्हा सगळं गाव मला विचारत होतं, घरातल्या घरात बोलायचं सोडून तुमची भावजय कचेरीत कशी गेली म्हणून. काय सांगणार होते मी? एइकिची गेल्यावर आपण दोघी नऊ वर्षं एका चुलीवर जेवलो. माझ्या भावाची बायको तू, आणि तुझी तक्रार मला परक्या माणसाच्या तोंडून कळावी?

असो. कमरेनं दगा दिल्यामुळे डिसेंबरपासून मी टाकीवर उभी राहत नाही. मोठ्या मालकांच्या तेइजीनं मला कागदांच्या निवडीच्या खोलीत बसवलंय, तुझ्या जागेवर. आता सुखाचं काम.

सोबत मोची, तांदळाच्या वड्या, पाठवते आहे. तुमच्या नागोयात मिळत असतील, पण त्या यंत्रावरच्या. लेकीला, चिहारुला दे. तू दाताला जपून खा.

कागद जाड-पातळ आहे, शाई फुटते. नापास गठ्ठ्यातला आहे, चालवून घे.

शिगे

२१ जानेवारी

किनुए,

उत्तर नाही. मीही वाट बघत नाही आहे, असं समज.

तुझ्याच उशीवर बसते मी. तीच निळी, कोपऱ्याला ठिगळ लावलेली. पहिल्या दिवशी शेजारच्या उशीवरची तामे म्हणाली, "बस बाई राणीसारखी. टाकीवरून सुटलीस, आता आराम." मलाही तसंच वाटत होतं. खोटं कशाला बोलू, आम्ही टाकीवाल्या तुम्हा निवडवाल्यांना मनातून हसायचो. पाण्यात हात आमचे आणि हुडहुडी तुम्हाला! बसून काम करणारीला कसली आलीय थंडी, असं मी तुला चारचौघींत तोंडावर म्हटलं होतं.

टाकीवर माणूस हलत असतं, किनुए. चौकट बुडवा, उचला, झुलवा, पुन्हा बुडवा. पाठीतून घाम निथळतो. हात गारठले की बाजूला कढत पाण्याचा हंडा असतोच, त्यात मनगटापर्यंत बुडवले की बोटं लाल होऊन परत आपली होतात. इथं काहीच हलत नाही. सकाळी आठला फळ्यांमधून गारठा घोट्यांना लागतो, नऊला गुडघ्यात येतो आणि दहाच्या सुमाराला बोटांपाशी पोचतो. आधी मधलं बोट, मग करंगळीशेजारचं. मेणासारखी पांढरी होतात. परवा कागदातली काडी काढायला सुई घेतली आणि कागदावर लाल ठिपका दिसला. आधी ठिपका दिसला, मग कळलं की सुई मला टोचली आहे.

आता पुढचं लिहिताना हात अडतोय, पण लिहिते.

दुपारी तामेनं मला कोपरानं ढोसलं. "शिगे, हे काय करतेस?" मी बघितलं तर मी कागद ओठांना लावला होता. कुठं जाड, कुठं पातळ, ते बोटांना कळेना, म्हणून हात आपोआप तोंडाकडे गेला. ओठांना कळतं. ओठ पांढरे पडत नाहीत.

तू हेच करायचीस. शेवटचे दोन हिवाळे तू असा कागद ओठांना लावायचीस आणि आम्हाला वाटायचं बाईला वेड लागलंय. मी काय म्हणाले होते ते तुला आठवत असेल. मला तर शब्द न् शब्द आठवतो. "कागदाचे मुके घेतेस होय गं? नवरा नाही म्हणून?" सगळ्या हसल्या. तूही हसलीस, मान खाली घालून. माझ्या पाठच्या भावाच्या बायकोला मी हे बोलले.

आणि हा कागद, ज्यावर लिहिते आहे. तुझ्या शेवटच्या हिवाळ्यातला आहे. क्योतोच्या गिऱ्हाइकानं परत पाठवलेला गठ्ठा, त्यातली खराब पानं तू चांगल्यात घातली होतीस. त्यावरून मी तुला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं, लक्ष कुठं असतं म्हणून विचारलं. लक्ष होतं तुझं. बोटं नव्हती.

पण पारा बारावरच होता हं. ते मी सोडत नाही. साहेब यायच्या आधी खोली जरा उबदार करून ठेवा, असं तेइजीनं सुचवलं होतं, एवढंच. पाहुणा येणार म्हटल्यावर कोण करत नाही?

शिगे

२ फेब्रुवारी

किनुए,

उद्या दाणे फेकून घरातली भुतं बाहेर काढायची. मी एकटीच फेकणार आणि एकटीच झाडून काढणार.

काल धीर करून तेइजीकडे गेले. तो आता पुरता मालक झालाय, चष्मा लावतो, पण माझ्यापुढे अजून जरा वाकूनच बोलतो. त्याला टाकीच्या कडेला मीच उभं राहायला शिकवलं ना.

म्हटलं, "मालक, निवडीच्या खोलीत एक रॉकेलची शेगडी ठेवू या का?"

तो हसलाच. "शिगेमावशी, तुम्ही म्हणताय हे? कागद बिघडतो ना!"

"टाकीपाशी बिघडतो. निवडीला येतो तो कडक वाळलेला असतो. त्याला उबेनं काय होणार?"

"आता मला काय माहीत? मी लहानपणापासून तुमच्याच तोंडून ऐकत आलोय. या घरात शेगडी नाही, कागद बिघडतो. बाबा इतकं बोलायचे नाहीत, जितकं तुम्ही बोलायचात." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि किनुएकाकूंचं प्रकरण लोंबकळत असताना शेगडी आणली तर कचेरी काय म्हणेल? बघा, गरज होती म्हणेल. चौदा तारीख जाऊ द्या, मावशी. तुमचा जबाब आहेच. तोच सांगा नि मोकळ्या व्हा."

मी बाहेर आले आणि बर्फ काढायचं फावडं धरून अंगणात उभी राहिले. तो खोटं बोलत नव्हता. मोठ्या मालकांनी फक्त टाकीची खोली म्हटली होती. टाकीच्या खोलीत विस्तव नको, एवढंच. ते पूर्ण घराला लावलं मी. तू लग्न होऊन यायच्या कितीतरी आधी निवडीच्या बायकांनी एकदा शेगडी मागितली होती, आणि मोठे मालक देणारही होते. मीच म्हटलं की एका घरात दोन नियम नकोत, कागद बिघडतो. मला वाटलं, आम्ही बर्फात हात घालायचे आणि यांनी शेगडीशी बसायचं? आम्हाला नाही तर कुणालाच नाही. मग तेच वाक्य मी इतकी वर्षं घोकलं की मला स्वतःलाही खरं वाटायला लागलं. नवी बाई कामाला आली की पहिल्या दिवशी तेच शिकवायचे मी. तुलाही शिकवलं.

आणि मागच्या पत्रात तेइजीनं सुचवलं असं लिहिलं, तेही खरं नाही. त्यानं काही सुचवलं नव्हतं. त्याला माहीतही नव्हतं. मीच केलं.

साहेब आले तेव्हा त्यांनी आधी तुला पुढच्या खोलीत बोलावून घेतलं होतं. तू तिकडे तुझं सांगत होतीस. मी टाकीजवळचा माझा हंडा उचलला, वाफाळत होता, अंगणातून निवडीच्या खोलीत आणला आणि पारा टांगला होता त्याच्या खाली, गठ्ठ्यांच्या आड ठेवला. दारं ओढून घेतली. तामे तिथं होती. तिनं बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. पावलं ऐकू आली तशी मी हंडा मागच्या दारानं बाहेर नेला. साहेब आत आले, म्हणाले, "बारा." मी म्हटलं, "असतंच तेवढं." ते मला विचारायच्या आधीच म्हटलं. मग सही केली.

तू त्यांच्या मागून आत आलीस. तुला ऊब लागलीच असेल. तू पाऱ्याकडे बघितलंस, मग खाली बघितलंस. फळीवर हंड्याच्या बुडाचं ओलं कडं उमटलं होतं. मला वाटलं, आता ही बोलणार. तू बोलली नाहीस. का बोलली नाहीस, किनुए? साहेब दोन हातांवर होते. बोट दाखवलं असतंस तरी पुरलं असतं. दोन वर्षं मी हे स्वतःला विचारत नव्हते, आता रोज विचारते.

मी का केलं, ते विचारशील तर घराण्याच्या नावासाठी, कागदघरासाठी, असलं काही सांगणार नाही. मला राग आला होता. परका माणूस शहरातून गाडी करून आला, आणि कशासाठी, तर तुझ्या हातांसाठी. माझे हात एक्केचाळीस वर्षं फुटताहेत. हिवाळाभर भेगांतून रक्त येतं. कुणी, एकदाही, विचारलं का? कुणी गाडी करून आलं का? बस. एवढंच होतं ते. लिहून टाकलं.

शिगे

१५ फेब्रुवारी

किनुए,

काल जाऊन आले.

आधी तामेला विचारलं होतं, येतेस का माझ्यासोबत म्हणून. तिच्या हातात भाताचा गोळा होता, तो तिनं डब्यात परत ठेवला. "मी भिंतीकडे बघत होते," म्हणाली. "आणि पुढंही भिंतीकडेच बघणार. माझी राख याच गावात ठेवायची आहे, शिगे." तिच्यावर चिडता आलं नाही. भिंतीकडे बघायला तिला मीच शिकवलं असेन.

कचेरीत इतकं गरम होतं की मला पेंग यायला लागली. बोटं उबेला आली तशी अशी खाजायला लागली की मी ती मांडीखाली दाबून बसले. समोर तेच त्सुबोई साहेब होते. केस थोडे गेलेत. जबाब घेऊन वर पाठवायचं काम त्यांच्याकडेच दिलंय. मी सगळं सांगितलं, हंडा, गठ्ठे, मागचं दार. त्यांनी चहाचा पेला उचलला होता, तो तसाच हातात राहिला.

"म्हणजे मी वाचलेला पारा खोटा होता?"

"पारा खरा होता, साहेब. खोली खोटी होती."

त्यांना ते आवडलं नाही. कुणाला आवडेल? त्यांनी जुना कागद काढला आणि माझ्यापुढे सरकवला. "ही सही तुमची?"

"माझीच."

"आणि आज करणार ती?"

"तीही माझीच."

"मग मी कोणती खरी धरू, बाई? तेव्हा तुम्ही मालकाच्या बाजूनं सांगितलंत, आज भावजयीच्या बाजूनं सांगताय. हंडा आणखी कुणी पाहिला?"

मी म्हटलं, "कुणी नाही." तामेचं नाव घेतलं नाही. घ्यायला हवं होतं का? रस्ताभर तेच डोक्यात होतं.

"आणि तुमच्या भावजयीनं? त्यांच्या अर्जात तर हंड्याचा शब्दही नाही."

 मला वाटत होतं की निदान अर्जात तरी तू लिहिलं असशील. मला खोटारडी म्हटलं असशील. मी त्या शिव्या खायला तयार होऊन गेले होते. तू फक्त एवढंच लिहिलंस म्हणे, की खोली थंड असायची आणि त्या दिवशी नव्हती.

साहेबांनी जबाब लिहून घेतला. शेवटी म्हणाले, "तुमच्या पहिल्या जबाबात एक चूक नव्हती, बाई. इतका नीट जबाब मी क्वचित पाहिलाय. आता तोच आड येणार."

संध्याकाळी बस गावात पोचली तोवर तेइजीला कळलं होतं. कसं ते विचारू नकोस, या गावात माणसाच्या आधी बातमी घरी पोचते. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. कागदघराच्या दारात उभा राहून व्यवस्थित वाकला आणि म्हणाला, "मावशी, तुम्हाला आता विश्रांतीची गरज आहे. मार्चअखेरपर्यंत या, मग घरीच आराम करा." मीही वाकले. एक्केचाळीस वर्षांचा निरोप, उंबऱ्यावर उभ्याउभ्या.

घरी येऊन कोतात्सूच्या पांघरुणाखाली, निखाऱ्याच्या उबेत पाय घातले, समोर मिसोचं सार होतं, ते गार होईस्तोवर बघत बसले. मला वाटलं होतं, खरं बोलल्यावर हलकं वाटेल. काही वाटलं नाही. नुसती भीती वाटली की उशीर झालाय.

शिगे

१८ मार्च

किनुए,

आज छपरावरून पागोळ्या गळायला लागल्या. ओढ्याचा आवाज सुरू झाला. तुझ्याकडे थंडी ओसरली असेल, प्रकृती बरी असेल अशी आशा करते. बघ, या वेळी मी रीत पाळली.

आधी इथलं सांगते. चौदा तारखेनंतर आठवड्यानं त्सुबोई साहेब न सांगता आले. एकटेच, सकाळी नऊला, बूट काढून सरळ निवडीच्या खोलीत. कोटाच्या खिशातून स्वतःचा पारा काढला आणि मेजावर ठेवला. आम्ही कुणीच हललो नाही. पाव तासानं त्यांनी तो उचलला, "चार," म्हणाले, आणि बराच वेळ त्या काचेकडे बघत राहिले. मग वाकून फळ्या पाहिल्या, जणू दोन वर्षांनी ते ओलं कडं अजून तिथं असेल. जाताना तेइजीच्या हातात हुकूम दिला.

चार दिवसांत शेगडी आली. रॉकेलची, नवीकोरी, वर किटली ठेवायला जागा असलेली. तेइजीनं ती स्वतः लावली. पहिले दोन दिवस आम्ही सगळ्या कागदाकडे डोळे लावून बसलो होतो. तामे तर दर तासाला एक पान उचलून वास घ्यायची.

कागदाला काहीही झालं नाही, किनुए. तीन आठवडे झाले. एक पान वाकलं नाही, एक डाग पडला नाही. परवा क्योतोच्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं, की या खेपेची निवड फार नेटकी आहे. तेइजीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. मी शेगडीजवळच बसते. लाज वाटते, पण बसते. बोटं जागी असली की कागद कळतो.

तुझ्या अर्जाचा निकाल तुला मिळालाच असेल. माझ्याकडेही प्रत आली. आता खोली थंड होती हे ते मानतात. तेव्हा होती हे मानत नाहीत. त्या दिवसाची नोंद बारा आहे, नोंद अधिकाऱ्यानं स्वतः केली आहे, नंतर नातेवाइकानं बदललेला जबाब त्यापुढे टिकत नाही. अर्ज नामंजूर. ज्या खोलीसाठी तू कचेरीत गेलीस तिथल्या बायका शेगडीशी बसल्या आहेत, आणि तुझ्या औषधाचा खर्च तुझाच. हे माझं काम आहे. साहेबांचं नाही, तेइजीचं नाही.

वर तोक्योला अजून एकदा दाद मागता येते असं साहेब म्हणाले होते. त्यासाठी तुझी सही लागते. मी कागद मागवून ठेवले होते, पाठवणारही होते. तेवढ्यात काल चिहारुचं कार्ड आलं. तिचं अक्षर अगदी एइकिचीसारखं आहे, क्षणभर मला वाटलं तोच लिहितोय. ते कार्ड इथं उतरवते, म्हणजे तू काय लिहायला सांगितलंस आणि माझ्यापर्यंत काय पोचलं ते तुला कळेल.

"आत्या, तुमची पत्रं आईनं मला वाचून दाखवायला सांगितली. चारही वाचली. आई काही बोलली नाही. मोची खाल्ली. तिला आता पेन धरता येत नाही, म्हणून मी लिहितेय. तोक्योला जायचं नाही म्हणते, दमले म्हणते. तुम्हाला एवढंच विचारायला सांगितलंय, हंडा आता कोण भरतं?"

कार्ड हातात घेऊन मी उंबऱ्यावरच बसले. 

फेब्रुवारीत मी लिहिलं की माझ्या हातांचं कुणी एकदाही विचारलं नाही. तू ते चिहारुच्या तोंडून ऐकलंस, आणि तरी मला खोटारडी म्हटलं नाहीस. तू विचारलं होतंस. लग्न होऊन आलीस त्या पहिल्याच हिवाळ्यात, जेवण झाल्यावर, भांडी बाजूला सारून. "वन्सं, हात बघू." मी म्हटलं, बघायला काय त्यात, टाकीवालीचे हात असेच असतात. तू जबरदस्तीनं बघितलेस. दुसऱ्या दिवशीपासून तू निवडीच्या खोलीतून उठायला लागलीस. दिवसातून तीनदा. कागदासाठी झाडाच्या साली उकळायच्या चुलीवरून कढत पाणी काढायचं, बर्फातून अंगण ओलांडायचं आणि माझा हंडा भरायचा. "वन्सं, बुडवा," म्हणायचं आणि परत जायचं. सोळा वर्षं. तुझी ओली बोटं त्या वाऱ्यात किती वेळा गोठली असतील ते मी कधी मनातही आणलं नाही. मला वाटायचं, हंडा गरमच असतो. जशी टाकी थंडच असते.

तुझी बोटं पांढरी पडायला लागली तेव्हाही भरायचीस. तक्रार केलीस आणि मी तुझ्याशी बोलणं टाकलं, तेव्हाही. आठ दिवस आपण एका घरात राहून एकमेकींशी शब्द बोललो नव्हतो, पण हंडा कधी गार नव्हता.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. कोणी भरत नाही. तू गेल्यावर दोन हिवाळे मी गार हंड्याशेजारी उभी राहिले. कुणाला सांगितलं नाही, स्वतःही भरला नाही. कमरेनं दगा दिला असं लिहिलं होतं, ते निम्मं खरं. कंबर दुखते, पण टाकी सोडली ती हातांमुळे. माझीही बोटं आता चौकट धरत नाहीत.

मार्च संपला की मी तो हंडा घरी घेऊन येणार आहे. तेइजीला विचारून. कागदघरात आता शेगडी आहे, त्यांना त्याचं काम नाही. मला आहे. त्या दिवशी तो मी तुझ्या खोलीत, पाऱ्याखाली ठेवला, तेव्हा त्यावर झाकण होतं, आणि तरी कडांतून वाफ येत होती. इतकं कढत पाणी होतं. साहेब यायच्या अर्ध्या तासापूर्वी कुणी तरी ते चुलीवरून काढून, बर्फातून आणून, माझ्यासाठी ओतलं होतं.

त्या सकाळीही तो तूच भरला होतास.

शिगे